रोमानियातील होतकरू लेखकांस हितोपदेश

समजा, १९८०च्या दशकात तुम्ही राष्ट्राध्यक्ष चाउशेस्कूंच्या रोमानियात राहत आहात आणि लेखक होण्याची दुर्बुद्धी तुम्हाला झालीच आहे, तर सर्वप्रथम आपला टाइपरायटर मिलिशियाकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे, नोंदवून घ्यावा. १९८३च्या हुकुमानुसार यंत्राच्या अक्षरांचा नमुनाही चौकीत द्यावा लागतो, त्यामुळे उद्या एखादे निनावी पत्रक सापडले तर ते कोणी लिहिले याचा खुलासा करण्याचे कष्ट तुम्हाला पडत नाहीत. हात दाखवून अवलक्षण करून घेणे येथे कायद्यानेच सक्तीचे आहे. शेजाऱ्याला यंत्र उसने देऊ नये. साखर द्यावी, असल्यास.

सेन्सॉरला मुळीच घाबरू नये, कारण ते खाते १९७७ सालीच अधिकृतरीत्या बंद झाले. आता तुम्ही संपादकाला भ्यावे, संपादकाने संस्कृती परिषदेला आणि परिषदेने वरच्यांना. एवढ्यावर काम चोख होते आणि खोडणाऱ्याचा पगारही वाचतो.

विषय निवडताना रोजचे जगणे कटाक्षाने टाळावे. खाटकाकडे डुकराचे पायच तेवढे उरतात आणि लोक त्यांना, परदेशी बुटांच्या नावावरून, ‘आदिदास’ म्हणतात. बाकीचे डुक्कर परदेशी कर्ज फेडण्यासाठी निर्यात झालेले असते. या विनोदावर रांगेत हळूच हसावे, पण तो कागदावर उतरवू नये. आना ब्लांदियाना या कवयित्रीने १९८४ साली एका कवितेत पत्र्याचे डबे, मांजरे, पिठाच्या रांगा अशी नुसती यादी दिली, तर मासिकाचा अंकच मागे घ्यावा लागला आणि लोक ती कविता हाताने उतरवून एकमेकांना देत सुटले. टाइपरायटर नोंदवण्याचा एवढा खटाटोप पाण्यात गेला, ही केवढी कृतघ्नता!

मग मुलांसाठी लिहावे, असे तुम्हाला वाटेल. याच बाईंनी तेही करून पाहिले. १९८८च्या त्यांच्या पुस्तकात आर्पाजिक नावाचा एक बोका होता, गल्लीत मिरवणारा आणि लोकांच्या कौतुकात रमणारा. पुस्तक मागे घेतले गेले आणि बाईंच्या लेखनावर बंदी आली. राष्ट्राध्यक्ष बोक्यासारखे आहेत असे पुस्तकात कोठेही म्हटलेले नव्हते. ते साम्य पुस्तक उचलणाऱ्यांनी अधिकृत केले. तेव्हा बालसाहित्यातून बोका, मोर, कोंबडा असे स्वतःवर खूश असणारे प्राणी वगळावेत. गोगलगाय त्यातल्या त्यात चालेल, मात्र तिच्या पोटात पाय असतात हे चौकीलाही ठाऊक आहे.