‘फ्लाय गर्ल्स’ने न दाखवलेले काम

‘फ्लाय गर्ल्स’ या अमेरिकन मालिकेचा दाखला देत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हवाई सुंदरींचे खरे आयुष्य या मालिकेने जसेच्या तसे दाखवले आहे, त्यांचे काम म्हणजे चहा-कॉफी वाटणे, उरलेला वेळ फुकट प्रवास आणि मेजवान्या, नोकरी देखण्या तरुण मुलींची आणि पगार लठ्ठ. ही विधाने एकेक करून तपासली, तर त्यांतले एकही टिकत नाही. हा समज निरुपद्रवी आहे असेही मला वाटत नाही, कारण या कर्मचाऱ्यांना कामाचा मोबदला आणि विश्रांती नाकारताना नेमका असाच समज हाताशी धरला गेला आहे.

पहिले विधान ‘जसेच्या तसे’ या शब्दांचे. ही मालिका २४ मार्च २०१० रोजी ‘द सीडब्ल्यू’ या वाहिनीवर सुरू झाली आणि अर्ध्या तासाच्या आठ भागांत संपली. व्हर्जिन अमेरिका या विमान कंपनीच्या पाच तरुण केबिन कर्मचारी, लॉस एंजेलिस परिसरातले त्यांचे सामायिक घर, त्यांच्या मैत्री, रुसवेफुगवे आणि प्रेमप्रकरणे हा तिचा विषय. विमानाच्या आत, कंपनीच्या गणवेशात आणि बोधचिन्हासह होणारे चित्रीकरण कंपनीच्या संमतीवाचून शक्यच नसते, आणि जेमतेम २००७ साली उड्डाणे सुरू केलेल्या कंपनीला अशा प्रसिद्धीची गरजही होती. पडद्यावरच्या मुली खऱ्या होत्या, त्यांची नोकरीही खरी होती, हे मी नाकारत नाही. परंतु शेकडो तासांच्या आयुष्यातून चार तास निवडताना कोणते ठेवायचे हे निर्मात्यांनी ठरवले आणि जे ठेवले ते बहुतांशी गणवेश उतरवल्यानंतरचे होते. एखाद्या परिचारिकेचा सुट्टीचा दिवस पाहून रुग्णालय कळले असे आपण म्हणत नाही.

दुसरे विधान कामाविषयी आहे आणि सर्वांत चुकीचे तेच आहे. विमानात केबिन कर्मचारी किती हवेत हे खाद्यपदार्थांच्या ट्रेवरून ठरत नाही, ते आसनांच्या संख्येवरून कायद्याने ठरते. अमेरिकेत आणि भारतातही साधारण दर पन्नास आसनांमागे एक कर्मचारी लागतो. खाणे-पिणे अजिबात न देणाऱ्या विमानालाही यातून सूट नाही. नव्या विमानाला मान्यता मिळवताना निम्मीच दारे वापरून, अंधारात, नव्वद सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर काढता येतात हे सिद्ध करावे लागते, आणि ती घाई शिस्तीत पार पाडणारी माणसे म्हणजे हेच कर्मचारी. आग विझवणे, हृदयक्रिया बंद पडलेल्या प्रवाशावर प्रथमोपचार करणे, दार उघडण्याआधी बाहेर ज्वाळा किंवा पाणी नाही ना हे पाहणे, याचे प्रशिक्षण उत्तीर्ण झाल्याशिवाय त्यांना उड्डाणावर पाठवता येत नाही. १९३० साली अमेरिकेत या पदावर नेमलेली पहिली स्त्री, एलन चर्च, प्रशिक्षित परिचारिका होती, हेही येथे आठवावे.

मालिका सुरू होण्याच्या जेमतेम चौदा महिने आधी, १५ जानेवारी २००९ रोजी, यूएस एअरवेजचे एक एअरबस ए-३२० विमान न्यू यॉर्कच्या हडसन नदीत उतरले. व्हर्जिन अमेरिकाच्या ताफ्यातही ए-३२० विमाने होती. दोन्ही वैमानिकांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण विमानाच्या मागच्या भागात पाणी भरत असताना, स्वतःच्या पायाला खोल जखम झालेली असताना, प्रवाशांना पुढच्या दारांकडे वळवणारी एक केबिन कर्मचारी होती. त्या विमानातली सर्व १५५ माणसे वाचली, आणि अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने त्याची जी कारणे नोंदवली, त्यांत केबिन कर्मचाऱ्यांची कामगिरी स्पष्टपणे आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटले, तेव्हा आतील ध्वनियंत्रणा बंद पडली होती आणि आठांपैकी तीनच दारे वापरण्याजोगी होती. कर्मचाऱ्यांनी हातातल्या कर्ण्यांवरून आणि घसा फोडून सूचना दिल्या आणि आपल्या विमानातले सर्व ३७९ जण बाहेर काढले. आपल्याला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचे विमान कराचीत अपहरणकर्त्यांच्या ताब्यात गेले, तेव्हा प्रवाशांना वाचवताना प्राण गमावलेल्या नीरजा भनोत याच पदावर होत्या. त्यांना अशोकचक्र मरणोत्तर मिळाले.

फुकट प्रवासाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सवलतीचे तिकीट असते, पण जागा रिकामी राहिली तरच ते चालते. कोणते उड्डाण मिळणार हे सेवाज्येष्ठतेवर ठरते. नव्या मुलामुलींच्या वाट्याला राखीव पाळी येते, म्हणजे फोन वाजला की निघायचे. २०१० साली अमेरिकेत दोन पाळ्यांमधली विश्रांती आठ तासांपर्यंत खाली आणता येत असे, आणि त्यातच हॉटेलला जाणे-येणे, अंघोळ, जेवण आणि झोप बसवावी लागे. दहा तासांची सलग विश्रांती देण्याचा नियम २०२२ साली झाला.

‘देखण्या तरुण मुलींची नोकरी’ हा समज मात्र अधिक जुना आणि अधिक घातक आहे. मराठीतला ‘हवाई सुंदरी’ हा शब्दच तो आपल्या तोंडी बसवतो, म्हणून मी तो वापरणे सोडले आहे. पॅन ॲमने पुरुषांना ही नोकरी नाकारली, तेव्हा १९७१ साली अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने म्हटले की विमान कंपनीचे मूळ काम प्रवाशांना सुरक्षित पोहोचवणे हे आहे, आणि त्यासाठी कर्मचारी स्त्रीच असणे आवश्यक नाही. आपल्याकडे एअर इंडियाच्या नियमांनुसार वयाची पस्तिशी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतला विवाह किंवा पहिली गर्भधारणा यांपैकी जे आधी घडेल तेव्हा नोकरी संपत असे. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिले, आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भधारणेची अट रद्द केली. चार वर्षांतल्या विवाहाची अट मात्र त्याच निकालात कायम राहिली, याची खंत वाटते.

राहिला लठ्ठ पगार. अमेरिकेतील बहुतेक कंपन्यांत तासाचा दर विमानाचे दार बंद झाल्यापासून सुरू होत असे. प्रवासी चढत असताना, सामान वर ठेवण्यावरून वाद मिटवताना, एखाद्या आजारी माणसाला आसनापर्यंत पोहोचवताना हा दर लागू नसे. डेल्टा या विमान कंपनीने २०२२ साली या वेळेसाठी निम्मा दर द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोठ्या अमेरिकन कंपन्यांतली ती पहिलीच होती. आणि ज्या कंपनीचे आयुष्य मालिकेने इतके रमणीय दाखवले, तिच्याच केबिन कर्मचाऱ्यांनी २०१४ साली कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या कर्मचाऱ्यांनी व्हर्जिन अमेरिकाविरुद्ध न्यायालयात दावा लावला. प्रत्येक तासाच्या किमान वेतनाची त्यांची मागणी अपिलात टिकली नाही. परंतु जेवणाची सुट्टी, विश्रांती आणि जादा कामाचा मोबदला या मुद्द्यांवर २०२१ साली अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली, आणि २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाविरुद्धचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. तोवर व्हर्जिन अमेरिका अलास्का एअरलाइन्समध्ये विलीन होऊन तिचे नावही पुसले गेले होते.