यादवी, क्रांती आणि आमची आई

विद्वानांनी लिहिलेला इतिहास पलंगावर आडवं होऊन वाचता येत नाही. पोटावर ठेवला तर श्वास कोंडतो आणि छातीवर ठेवला तर डुलकी लागताक्षणी नाकावर येतो. स्पेनच्या यादवी युद्धावरचा जो हजारावर पानांचा ग्रंथ मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून उचलला, तो विकणाऱ्याने किलोवर लावला असता तर मला परवडला नसता. घरात पाऊल टाकलं तर बायको म्हणाली, "हे ठेवणार कुठे?" आत काय आहे हा प्रश्न तिला आजतागायत पडलेला नाही.

मी तो घेतला त्याला कारण होतं. आमच्या नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार. संघाचे पहिले सरकार्यवाह. हे गृहस्थ पत्रकारिता शिकायला म्हणून लंडनला गेले आणि तिथून निघाले ते थेट स्पेनला, सरकारविरुद्ध बंड केलेल्या जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला. तेही आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमधून, म्हणजे देशोदेशीच्या स्वयंसेवकांच्या फौजेतून, 'जॉन स्मिथ' असं नाव घेऊन. १९३८ मध्ये पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या नावाच्या जुन्या मठात कैदेत पडले. नागपूरचा जॉन स्मिथ स्पेनच्या मठात! यापुढे कुठली कादंबरी टिकणार? म्हणून ग्रंथ हाती आल्याबरोबर मी शेवटची सूची उघडली. हुद्दार नाहीत. स्मिथ तर कुठलाच नाही. पण पैसे देऊन बसलो होतो, तेव्हा वाचणं आलं.

पहिल्या पन्नास पानांतच कळलं की हे प्रकरण आपल्या आवाक्यातलं नाही. कारण अक्षरं. सीएनटी ही अराजकवाद्यांची कामगार संघटना. तिच्या आत अधिक कडवी एफएआय. यूजीटी समाजवाद्यांची. पीएसओई हा समाजवाद्यांचा पक्ष, पीसीई कम्युनिस्टांचा. पीएसयूसी म्हणजे कातालोनियातले समाजवादी आणि कम्युनिस्ट एकत्र आलेले. आणि पीओयूएम म्हणजे स्टालिनला न मानणारे मार्क्सवादी. त्यांना कम्युनिस्टांनी ट्रॉट्स्कीवादी म्हणून झोडपलं, आणि खुद्द ट्रॉट्स्कीचं त्यांच्याशी आधीच फाटलेलं! ही सगळी मंडळी एकाच बाजूची, म्हणजे सरकारच्या, रिपब्लिकन. आपल्याकडे कुणी रिपब्लिकन म्हटलं की समोरचा विचारतो, कोणता गट? मला वाटायचं हा आपला शोध आहे.

फ्रँकोच्या बाजूलाही पक्ष होतेच. राजेशाहीवाले होते, धर्मवेडे कार्लिस्ट होते, फालान्हे ही फॅसिस्टांची संघटना होती. त्याने एप्रिल १९३७ मध्ये एक हुकूम काढला आणि सगळ्यांना एकाच पक्षात कोंबलं. त्या पक्षाचं नाव एका दमात म्हणता येत नव्हतं, पण पक्ष एकच. ज्याने कुरकुर केली तो तुरुंगात गेला. वाचकाच्या सोयीच्या दृष्टीने पाहिलं तर हुकूमशहा बरे, असं एक पाप मनात येऊन गेलं.

फ्रँको मुळात बंडाचा म्होरक्याही नव्हता. म्होरके होते जनरल सानहुर्हो. बंड १७ जुलै १९३६ ला मोरोक्कोत पेटलं आणि २० तारखेला साहेब पोर्तुगालहून छोट्या विमानात बसून राज्य करायला निघाले. सोबत जड बॅगा. राष्ट्रप्रमुखाला कपडे नकोत का? विमान झाडांना घासलं आणि कोसळलं. वैमानिक वाचला, राष्ट्रप्रमुख गेले. पुढच्या जूनमध्ये दुसरे दावेदार जनरल मोला, तेही विमान अपघातातच. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपण कोचीनला जाताना तुम्हीही तीन स्वेटर घेतले होते."

इकडे सरकारी बाजूची तऱ्हा बघा. १८ जुलैच्या रात्री पंतप्रधान कासारेस किरोगा. त्यांनी राजीनामा दिला. पहाटे मार्तिनेस बार्रियो आले. त्यांनी मोलाला फोन करून समेटाचं बघू म्हटलं, मोला नाही म्हणाला. रस्त्यावर लोक चिडले, तेव्हा हेही पायउतार. दिवस नीट उजाडेपर्यंत तिसरे, खोसे हिराल. त्यांनी कामगारांना बंदुका वाटल्या. त्या रात्री मी सगळं सलग वाचलं, तरी सकाळी चहा घेताना मला पंतप्रधान कोण ते आठवेना.

आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले काका आहेत. गच्चीवर मला त्या ग्रंथासोबत बघून एकदा म्हणाले, "काय वाचून राहिले एवढं?"

"स्पेनचं यादवी युद्ध, काका."

"मंग शेवटी जिंकलं कोण?"

"फ्रँको. १ एप्रिल १९३९ ला."

"झालं ना मंग! आता कायले वाचून राहिले?"

याला उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं, पण ते तळटिपांत होतं.

तळटिपा पानाखाली असत्या तर मी तक्रार केली नसती. त्या ग्रंथाच्या शेवटी, वेगळ्या दोनशे पानांत, बारीक टायपात. म्हणून मी दोन खुणा ठेवल्या. मजकुराला लाइटबिल आणि टिपांना कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेची पट्टी, ज्यावर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं छापलेलं. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली माद्रिद आणि उजव्याखाली ताई. मजकुरात एक वाक्य, त्यावर आकडा. मागे गेलो तर टीप म्हणते, 'तत्रैव'. तिथे म्हणजे कुठे, ते बघायला आधीच्या टिपेवर जावं, तर ती म्हणते, 'वर पाहा'. वर एक स्पॅनिश वर्तमानपत्र, तारखेसह. तोवर ताई घसरून खाली पडलेली.

पण खरी मजाही तिथेच आहे. मजकुरात लेखक मोजूनमापून बोलतो आणि टिपांमध्ये तो भांडतो. अराजकवाद्यांचा मोठा पुढारी दुर्रुती नोव्हेंबर १९३६ मध्ये माद्रिदच्या आघाडीवर गोळी लागून गेला, एवढं मजकुरात. गोळी कुणाची? शत्रूची, म्हणतो एक. आपल्याच माणसाची, म्हणतो दुसरा. गाडीतून उतरताना त्याच्या स्वतःच्याच बंदुकीची, म्हणतो तिसरा. जो तो साक्षीदार घेऊन उभा. मी रात्री पावणेएकला अंथरुणात उठून बसलो आणि बायकोला हलवून विचारलं, "तुला काय वाटतं, गोळी कुणी मारली असेल?" तिने ज्या नजरेने पाहिलं तिच्यावरून पुढची गोळी कुणाला लागणार याबद्दल इतिहासकारांत मतभेद राहिले नसते.

तर ग्रंथाचा मूळ वाद असा. अराजकवादी आणि पीओयूएमवाले म्हणत, क्रांती आत्ताच करा, तिच्याशिवाय लोक लढतील कशासाठी? कम्युनिस्ट म्हणत, आधी शिस्त, आधी सैन्य, आधी युद्ध जिंका, क्रांतीचं नंतर बघू. वाद कागदावर नव्हता. बार्सिलोनात ट्राम कामगारांनी ताब्यात घेऊन काळ्यातांबड्या रंगात रंगवल्या होत्या. न्हाव्यांनी छोटी सलून मोडून मोठी सामायिक केली होती. आरागॉनच्या काही गावांनी तर पैसाच रद्द केला. आणि सरकार नावाची गोष्टच न मानणाऱ्या अराजकवाद्यांनी नोव्हेंबरमध्ये सरकारात चार मंत्री बसवले. दोनच दिवसांत ते सरकार माद्रिद सोडून वालेन्सियाला निघालं, तेव्हा तारान्कोनला त्यांच्या गाड्या अडवल्या कुणी? अराजकवाद्यांच्याच पथकाने. पळता काय, परत फिरा म्हणून.

मे १९३७ मध्ये बार्सिलोनात भडका उडाला तो टेलिफोन एक्स्चेंजवरून. ते अराजकवादी संघटनेच्या हातात, म्हणजे सरकारने कुणाशीही बोलावं आणि मध्ये कॉम्रेडने ऐकावं. ३ मे रोजी पोलीस इमारत ताब्यात घ्यायला गेले, वरून गोळ्या सुटल्या, आणि पुढचे काही दिवस फ्रँकोला विसरून फ्रँकोचे शत्रू एकमेकांवर गच्च्यांवरून गोळीबार करत राहिले. मग पीओयूएमवर बंदी आली. त्यांचा पुढारी आंद्रेऊ निन याला जूनमध्ये उचलला आणि गुप्तपणे मारला. इथे टिपा लांबतात आणि विनोद मात्र करवत नाही.

हे मी एका रविवारी जेवताना बोलून गेलो आणि घर फुटलं. बायको कम्युनिस्ट निघाली. म्हणे, आधी ओटा आवरा, मग क्रांती. आमचा मुलगा कॉलेजात आहे, तो पूर्ण अराजकवादी, आणि त्याची खोली हा त्याचा पुरावा. काका ताक प्यायला आले होते. त्यांना ट्रामचा मुद्दा भिडला. "चालवणाऱ्याच्या हाती गाडी दिली तर गाडी टायमात धावते," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं आणि बायकोने विचारलं, "मग तुमची पॅसेंजर का नव्हती धावत?" मी, म्हणजे ज्याने ग्रंथ वाचला तो, 'दोन्ही बाजूंना पुरावे आहेत' एवढंच म्हणू शकलो. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

आई आतापर्यंत गप्प होती. तिने वाटाणे सोलता सोलता विचारलं, "एवढ्या भांडणात तिजोरी कुणाकडे होती?"

आता मला विचारा! १९३६ च्या ऑक्टोबरात सरकारने ५१० टन सोनं कार्ताहेना बंदरातून बोटींनी ओडेसाला आणि तिथून मॉस्कोला पाठवलं. ७,८०० पेट्या. बहुतेक नाणी. कारण मोठ्या प्रमाणावर शस्त्रं द्यायला रशियाशिवाय कुणी तयार नव्हतं. लंडनला हस्तक्षेप न करण्याची समिती बसली होती आणि तीत जर्मनी, इटली, रशिया तिघेही होते. तिघेही हस्तक्षेप करून आल्यावर बैठकीला बसत.

"पावती?" आई म्हणाली.

होती. अगदी ग्रॅमपर्यंत. अर्थमंत्री नेग्रीन यांनी, जे पुढे पंतप्रधान झाले, ती मरेपर्यंत जपली. १९५६ मध्ये ते वारले आणि कागद गेले फ्रँकोच्या सरकारकडे. रशियाने १९५७ मध्ये उत्तर दिलं की सोनं तुमच्याच सरकारने खर्च केलं, उलट येणं आमचंच आहे.

"आणि नाणी? तशीच ठेवली?"

"नाही, वितळवली. वितळवण्याचा, शुद्ध करण्याचा खर्चही स्पेनच्या खात्यात लावला."

आईने हातातली शेंग खाली ठेवली. ग्रंथात बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेलं गेर्निका गाव येऊन गेलं होतं, एब्रोची लढाई येऊन गेली होती, तेव्हा ती वाटाणेच सोलत होती. आता मात्र तिने पदराला हात पुसले. "जुनी नाणी मोडली? वर घट धरली? आणि तुझा तो विद्वान हे शेवटी, बारीक अक्षरांत लिहितो?"

"मजकुरातही आहे, आई."

"आणि तो जिंकलेला? त्याला काय मिळालं?"

"पावती."

"मग जिंकला कसला डोंबलाचा," आई म्हणाली आणि काकांनी ताकाचा पेला पुढे करून तिला अनुमोदन दिलं. हल्ली संध्याकाळी ती मला मोठ्याने वाचायला लावते, फक्त सोन्याची पानं, टिपांसकट. ताईच्या लग्नाची पट्टी तिच्या ताब्यात आहे आणि 'तत्रैव' आलं की आधी ती म्हणते, "मागे जा, मागे जा, कुठे ते बघ."