प्रतिक्रियेला उत्तर : पिणाऱ्याला मी सूट दिली का?

ताई, तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण मेडिकलचं दुकान सोडून लगेच लिहायला बसता आलं नाही आणि घाईत लिहायचा हा विषय पण नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी मागच्या लेखात "पिलेलं असलं तरी रात्रीची गोळी घ्याच" असं लिहून एचआयव्हीच्या पेशंटला दारूची सूट दिली, घरात दारूनं काय होतं ते मला माहीत नाही, आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांबद्दल उगाच घाबरवलं कारण "डॉक्टरनीच दिल्या आहेत, त्यात वाईट काय?"

आधी तुमचं बरोबर कुठे ते सांगतो. "टीएलडीचं आणि दारूचं थेट भांडण नाही" (टीएलडी म्हणजे एचआयव्हीची रोजची गोळी) हे मी सुट्टं लिहिलं, ते चुकलं. वाचणाऱ्याला तेवढंच दिसतं आणि तो म्हणतो चला, मेडिकलवालाच हो म्हणतोय. ती ओळ आज बदलतो.

पण गोळी घ्याच, हे मी मागे घेणार नाही.

आपल्याकडे काय चालतं माहीत आहे ना? थंडीत केळीच्या मळ्यात भरीत पार्टी असते, चारचौघं प्यायला बसतात आणि त्यातल्या एकाच्या खिशात ती पांढरी गोळी असते. तो मनात म्हणतो, "आज बठनूत भो, गोयी सकाय लिसू." (आज बसलोय भाऊ, गोळी सकाळी घेऊ.) दारू गरम, गोळी गरम, दोन्ही एकत्र म्हणजे लिव्हर गेलंच असा हिशोब. ही भीती जुनी आहे, एचआयव्हीची आधीची एफाविरेन्झवाली गोळी होती तेव्हा अनेकांना चक्कर यायची आणि दारूनं ती वाढायची, म्हणून लोकांच्या डोक्यात बसलंय. आता टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकाच गोळीत. ती दारूसोबत विष होत नाही. पण शनिवारी चुकली, लग्नात चुकली, यात्रेत तीन दिवस चुकली, की व्हायरस परत डोकं वर काढतो आणि औषधाला सरावतो. त्यातून कोणाला हिपॅटायटिस बी असेल तर अजून वाईट, कारण टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्यालाही दाबून ठेवतात, ती अचानक बंद पडली की लिव्हरला सूज भडकू शकते. म्हणजे ज्या लिव्हरला वाचवायला गोळी टाळली तेच सापडतं. (उशिरा आठवली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर डबल घेऊ नये.)

आता "त्यात वाईट काय?" वर येतो, कारण माझं दुकानच त्यावर चालतं आणि खरी गंमत इथेच आहे. एक क्वार्टर एकटी येत नाही ताई. रात्री पिलं, जळजळ झाली की गॅसचं सिरप. त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून बसतं, अंगी लागू देत नाही, म्हणून एआरटीची (म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराची) गोळी सिरपच्या दोन तास आधी तरी नाहीतर सहा तासांनी. (ॲसिडिटीच्या पँटोप्राझोल गोळीचं तसं नाही.) सकाळी डोकं ठणकतं, मग डायक्लोफिनॅक. टेनोफोव्हिरचा भार किडनीवर असतो, त्यात रात्रीच्या दारूनं अंगातलं पाणी गेलेलं, त्यावर किडनीला ताण देणारी ही दुखण्याची गोळी. झोप नाही म्हणून कोणाकडून तरी अल्प्राझोलाम मागून आणलेली, ती दारूवर घेतली तर माणूस पडतो, श्वास मंदावतो, हे तर एचआयव्ही असो नसो सगळ्यांनाच. आणि शुगर असेल तर मेटफॉर्मिन आलंच. डोल्युटेग्राव्हिर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत, आणि जास्त पिणाऱ्याला मेटफॉर्मिननं रक्तात ॲसिड साचायचा धोका वेगळाच.

यातली एकेक गोळी बरोबरच आहे. फक्त ती देणारे एकमेकांना ओळखत नाहीत. शुगरवाल्या डॉक्टरला एचआयव्ही सांगितलेला नसतो, एआरटी सेंटरला शुगर सांगितलेली नसते, दारू तर कोणालाच नाही, आणि मी काउंटरवर फक्त चिठ्ठी बघतो. मी घाबरवलं ते याला, डॉक्टरला नाही. टीबीचं औषध चालू असेल तर मात्र मी पण तुमच्यासारखाच कडक, आयसोनियाझिड आणि रोजची दारू हे लिव्हरला खरंच झेपत नाही, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की दुकानात यायचंच नाही, थेट दवाखाना.

दारू किती झाली म्हणजे जास्त, तेही सांगतो, कारण "थोडीच घेतो" हे सगळेच म्हणतात. अमेरिकेत माजी सैनिक पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१६ ला छापून आला. एचआयव्ही नसलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका महिन्याला ७० ड्रिंकच्या पुढे वाढलेला दिसला, एचआयव्ही असलेल्यांमध्ये ३० लाच. त्यांचं एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. आपल्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम बसतं, म्हणजे ते ३० ड्रिंक झाले सातेक क्वार्टर. महिन्याला! आठवड्याला दोन घेणारा आपल्याकडे पिणाऱ्यात मोजतच नाहीत. आणि हा बाटलीबंद मालाचा हिशोब, सातपुड्याकडची मोहाची पहिल्या धारेची असेल तर गणितच सोडा.

मग "सोडा" असं सरळ का नाही लिहिलं, हा तुमचा राग. लिहायला पाहिजे होतं, सोडली तर उत्तमच. पण रोज पिणाऱ्यानं घरच्या शपथेवर एका रात्रीत बंद केली तर हात थरथरतात, भ्रम होतो, फिट येऊ शकते, त्याला डॉक्टर लागतो. आणि नुसतं "सोड सोड" करून माणूस सोडत नाही, लपवायला लागतो, मग काउन्सेलरला "एक पण गोळी चुकली नाही" सांगतो. माझ्याकडे येणाऱ्यांची उदाहरणं देत नाही, छोटं गाव आहे, आणि कोणाचा एचआयव्ही त्याच्या मर्जीशिवाय उघड करायला २०१७ चा कायदाही मना करतो.

दारूनं तुमच्या घरात जे होतं त्याबद्दल तुम्ही जे लिहिलं त्यावर मी वाद घालणार नाही. फक्त एक काम सांगतो, जमलं तर करा. पुढच्या तारखेला तुमचा भाऊ एआरटी सेंटरला जाईल तेव्हा घरातल्या त्याच्या सगळ्या गोळ्या, सिरप, कॅल्शियम, वैद्याच्या पुड्या पण, एका पिशवीत भरून त्याच्या हातात द्या आणि म्हणावं टेबलावर ओत. १०९७ वर फोन केला तरी एचआयव्हीबद्दल फुकट बोलतात, नाव सांगावं लागत नाही.

आणि तुमचं ते वाक्य, "तो पितो त्या रात्री मी गोळीची बाटली वाजवून बघते", ते नाव न देता लेखात टाकलं तर चालेल का? नाही म्हटलं तरी राग नाही.