रिजन वेगळा, पाल-एनटीएससी वेगळं : एका प्रतिक्रियेला उत्तर

डीव्हीडीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रिजन कोड (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते ठरवणारा आकडा) आणि पाल-एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन जुन्या पद्धती) हे एकच प्रकरण, मी ते उगाच फोडून दोन केलं. कॉम्प्युटरवर व्हीएलसी हे व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर टाकलं की जगातली कुठलीही डीव्हीडी चालते, म्हणजे लेखच फुकट. आणि नाहीच जमलं, तर "रिजन-फ्री प्लेअर घ्या" एवढं एका ओळीत सांगता आलं असतं. पुरावा म्हणून तुम्ही स्वतःचाच अनुभव दिलात : ब्रिटनमध्ये घेतलेल्या प्लेअरवर जपानी डिस्क लावली, चित्र काळं-पांढरं आलं, म्हणजे रिजन जुळला नाही.

पण रिजन जुळला होता! जपान आणि ब्रिटन दोन्ही रिजन २ मध्ये येतात. रिजन जुळला नसता तर प्लेअरने डिस्क चालूच केली नसती, पडद्यावर नुसती सूचना आली असती. तुमच्याकडे सिनेमा सुरू झाला, आवाज आला, फक्त रंग आला नाही. जपानची डिस्क एनटीएससी, ब्रिटनचा टीव्ही पाल. रंग अडला तो इथे. उलट उदाहरण हवं असेल तर रिजन ४ बघा. त्यात ऑस्ट्रेलियाही आहे आणि मेक्सिकोही. पहिल्याकडे पाल, दुसऱ्याकडे एनटीएससी.

रिजन हा व्यापारी निर्णय आहे. सिनेमा एका देशात आधी आणि दुसऱ्या देशात काही महिन्यांनी लागायचा. आधीच्या देशातली डिस्क नंतरच्या देशात पोचून थिएटरचा गल्ला बुडवू नये, म्हणून स्टुडिओंनी जगाचे तुकडे पाडले. त्यामागे तांत्रिक गरज काडीची नाही. पाल-एनटीएससीचा फरक मात्र डीव्हीडीच्या कितीतरी आधीपासूनचा, टीव्ही प्रक्षेपणाचा आहे.

गंमत म्हणजे डिस्कवर पालचा किंवा एनटीएससीचा रंग नसतोच. असतो तो एमपेग-२ व्हिडिओ, म्हणजे दाबून साठवलेलं डिजिटल चित्र : पाल म्हणतात त्या डिस्कवर ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी म्हणतात तिच्यावर ७२० × ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. टीव्हीच्या जुन्या पद्धतीचा रंग त्यावर चढवतो प्लेअर, तोही पिवळ्या पिनेच्या वायरीतून सिग्नल पाठवताना. म्हणून लक्षण नीट बघावं. पडद्यावरचं चित्र पालमध्ये सेकंदाला ५० वेळा (५० हर्ट्झ) ताजं होतं, एनटीएससीत साधारण ६० वेळा. चित्र स्थिर पण काळं-पांढरं असेल तर टीव्हीने ६० हर्ट्झ पकडलं, रंगाची लहर तेवढी ओळखली नाही. लाल-हिरव्या-निळ्या पिनांची कंपोनंट वायर लावलीत तर रंग येईल, किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये पाल-६० (रंग पालचा, वेग ६० हर्ट्झचा) मिळालं तर तेही चालेल. पण चित्र खालून वर सरकतच राहिलं तर टीव्हीला ६० हर्ट्झच झेपत नाही, मग वायर बदलून काही होणार नाही. एचडीएमआयवर रंगाचा हा घोळ उरत नाही. तिथे प्रश्न फक्त टीव्ही ५० आणि ६० दोन्ही घेतो का एवढाच. पाल देशांतले टीव्ही बहुधा दोन्ही घेतात. अमेरिकेतल्या अनेक टीव्हींचं मात्र ५० शी जमत नाही.

आता व्हीएलसी. फॉरमॅटपुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर, कॉम्प्युटरला पाल काय आणि एनटीएससी काय, सारखंच. पण रिजनची तपासणी सॉफ्टवेअरपुरती नसते. २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये ती ड्राइव्हच्याच फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आत भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवलेली असते. व्हीएलसी बऱ्याचदा ड्राइव्हला न विचारता डिस्कच्या सांकेतिक कुलुपाची किल्ली शोधून काढतं, हे खरं. पण काही ड्राइव्ह रिजन जुळला नाही तर कुलूपबंद भाग वाचूच देत नाहीत, आणि तिथे व्हीएलसीही हात टेकतं. मग माणूस विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्राइव्हचा रिजन बदलतो. किती वेळा बदलता येईल तो आकडा तिथेच लिहिलेला असतो, पण वाचतो कोण? पाच वेळा बदलून झालं की शेवटचा रिजन कायमचा. विंडोज नव्याने टाकून उपयोग नाही, कारण मोजणी ड्राइव्हच्या पोटात असते. दोन रिजनच्या डिस्क नेहमी बघत असाल तर यूएसबीचा आणखी एक ड्राइव्ह घेऊन दोघांना एकेक रिजन कायमचा नेमून द्या, हे माझं मत.

तुमच्या त्या "रिजन-फ्री प्लेअर घ्या" या ओळीबद्दलही सांगतो. रिजन १ च्या काही डिस्कवर आरसीई नावाची जादा तपासणी असते. प्लेअर "सगळे रिजन" वर ठेवलेला दिसला की सिनेमाऐवजी जगाचा नकाशा आणि नकाराचा संदेश झळकतो. त्यावर इलाज म्हणजे प्लेअर तात्पुरता रिजन १ वर नेणं. जो रिजन-फ्री प्लेअर हाताने रिजन निवडू देत नाही, तो अशा डिस्कपुढे फुकट. शिवाय प्लेअरमधली टीव्ही सिस्टिमची सेटिंग "ऑटो" किंवा "मल्टी" वर ठेवा. टीव्ही दोन्ही घेत असताना ती "पाल" वर ठेवली तर प्लेअर नसती उठाठेव करून फ्रेम गाळतो, आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र धक्के खातं.

दोन्ही आवृत्त्या मिळत असतील तर कुठली घ्यावी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. पाल डिस्कवर तो बहुधा २५ ने पळवलेला असतो, म्हणून १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत आटोपतो. आवाज तसाच सोडला असेल तर सूर जवळपास पाऊण अर्धस्वराच्या अंतराने चढतो. ओळखीचं गाणं असेल तर तयार कानाला लगेच खटकतं. एनटीएससीत वेग जवळजवळ मूळचाच राहतो, पण रेषा ४८०च. निसर्गदृश्यांचा माहितीपट असेल तर मी पाल घेईन, संगीतप्रधान सिनेमा असेल तर एनटीएससी.