नव्वी टाकली होती, दिसली नाही?

ब्रिजचा डाव. समोरच्या जोडीचं चार इस्पिकचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे इस्पिक हुकूम आणि त्यांना तेरातले दहा हात करायचे. पार्टनरची उतारी बदामचा एक्का. डमीत, म्हणजे टेबलावर उघड्या मांडलेल्या त्यांच्या पानांत, बदामची राणी, सत्ती, चौकी. माझ्याकडे बदामची दोनच पानं, नव्वी आणि दुर्री. मी नव्वी टाकली, मोठं पान म्हणजे 'हाच रंग पुढे खेळ'. याहून स्पष्ट काय सांगायचं असतं? राजा खेळ, तिसरं बदाम दे, मी हुकूम मारते, किलवरचा एक्का माझ्याच हातात आहे. चार हात आपले, कॉन्ट्रॅक्ट बुडालं. आणि हा माणूस खेळला काय, तर चौकट! डिक्लेररने, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट खेळणाऱ्याने, एक्क्याने हात घेतला, हुकूम काढले, डमीतल्या चौकटच्या राणी-गुलामावर उरलेली दोन्ही बदामं फेकली आणि अकरा हात करून मोकळा झाला.

"अगं, डमीत राणी दिसली, म्हणून बदाम सोडलं." अरे, राणी मलाही दिसत होती! तीच तर मी कापणार होते. आणि नव्वी? "लक्ष नव्हतं. जरा जोरात आपटायचीस." आपटायचीस? डुप्लिकेट, म्हणजे स्पर्धेचं ब्रिज, खेळतोय आपण! जे कळवायचं ते पानाने कळवायचं, पान टाकायच्या ढबीने नाही, ब्रिजचा कायदा 73 त्यासाठीच आहे. आणि हाच माणूस समोरच्याने दोन सेकंद जास्त घेतले की डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, हाक मारतो.

उलटे सिग्नल घ्यायचा हट्टही याचाच होता. लहान पान म्हणजे पसंती, असं आमचे संकेत लिहायच्या कार्डावर लिहून घेतलं आणि हाच मोठी पानं टाकत बसला. मग परत सरळ सिग्नल, तेही याच्याच सोयीने. लॅविंथॉलचा, म्हणजे पानाच्या आकड्याने पुढचा रंग सुचवायच्या सिग्नलचा, तर विषयच नको. कापायला मी दश्शी दिली की उरलेल्या दोन रंगांतला वरच्या दर्जाचा रंग परत यायला हवा. येतो खालचा, दर वेळी.

काउंट, म्हणजे हातात त्या रंगाची पानं सम की विषम हा सिग्नल, तर याने आयुष्यात दिला नसेल. डमीत लांब चौकट, डमीत शिरायला दुसऱ्या रंगात एंट्री नाही, माझा एक्का किती वेळा धरून ठेवायचा हे मला याच्याच पानावरून कळणार. सम पानं असतील तर आधी मोठं, मग लहान, एवढंच करायचं असतं. हा हाताला लागेल ते टाकतो.

डिक्लेररला आपल्या बाजूची सव्वीसच्या सव्वीस पानं दिसतात. आपल्याला एकमेकांची तेरा दिसत नाहीत, म्हणून तर सिग्नल! डाव संपल्यावर मला टक्केवारी शिकवू नकोस. एक्का उतरलास की आधी माझ्या पानाकडे बघ.