ती चिठ्ठी कचरा नव्हती

परवा जिथे अपघातात एक मुलगा गेला त्या वळणावर लोकांनी ठेवलेली फुलं, मेणबत्त्या, फोटो आज सकाळी फावड्याने ओढून गाडीत भरत होते. दोन दिवस! दोन दिवससुद्धा धीर धरवला नाही? वर शेजारी उभा असलेला एक जण म्हणतो, "बरं झालं. नुसता दिखावा सगळा." माझं डोकंच फिरलं.

कसला दिखावा? रात्री उशिरा एकटीच येऊन, फूल ठेवून निघून जाणारी बाई कुणाला दाखवायला येते?

दादा गेला तेव्हा, तो पडला तिथेच, रस्त्याच्या कडेला असंच सगळं जमलं होतं. आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आई हट्टाने तिथे गेली. मेणाचे ओघळ, कोमेजलेली फुलं आणि विटेखाली दाबलेला वहीचा एक कागद. शाई पसरलेली, अक्षर वाकडंतिकडं. "काका, मी रोज खिडकीत थांबते. तुम्ही टाटा करता. आता कोण करणार?"

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून दादाचं एवढं साधं काही आम्हाला कळलं नाही, ते त्या कागदाने सांगितलं. चौथ्या दिवशी जागा लख्ख झाडलेली होती. आई एक दिवस उशिरा गेली असती तर? आणि त्या ढिगात अजून काय काय होतं?

फुलं कुजतात, मेणबत्तीने आग लागू शकते, रस्ता अडतो. मान्य. कायमचं ठेवा असं कोण म्हणतंय! पण उचलण्याआधी घरच्यांना एकदा विचारा. चिठ्ठ्या वेगळ्या काढा.

१९९५ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटात १६८ माणसं गेली. त्या जागेभोवती साधं जाळीचं कुंपण घातलं होतं, तर लोक त्यालाच फोटो, खेळणी, चिठ्ठ्या अडकवायला लागले. पुढे स्मारक झालं तेव्हाही त्या कुंपणाचा एक भाग मुद्दाम तिथेच ठेवला. लोक अजूनही येऊन अडकवतात. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये २०१७ च्या बॉम्बहल्ल्यात २२ जण गेले, तिथे चौकात फुलांचा समुद्र झाला होता. त्या फुलांचं खत केलं आणि चिठ्ठ्या, वस्तू शहराच्या कलादालनाने जपून ठेवल्या. म्हणजे मनात असलं की जमतं.

आता लिहिता लिहिता जरा शांत झालेय. फावडं चालवणाऱ्याचा दोष नाही, त्याला सांगितलेलं काम तो करत होता. उलट त्यानेच ढिगातून एक फोटो उचलला, बाहीने पुसला आणि कठड्याला टेकवून ठेवला. गाडी गेल्यावर मी तो घरी आणला.

मागे पेनाने काहीतरी लिहिलंय. मी वाचलेलं नाही. परवाच्या त्या मुलाचं घर कुणाच्या ओळखीचं असेल तर मला मेसेज करा, मी स्वतः नेऊन देईन.