होय म्हाराजा!

आमच्या घरात रिमोट चार आहेत. टीव्हीचा एक, केबलच्या डब्याचा एक, माजघरातल्या नव्या पंख्याचा एक आणि गेल्या चतुर्थीला मुंबईकर दादाने "पोरांना उकडतं रे" म्हणत बसवून दिलेल्या एसीचा एक. चार आहेत म्हणजे एका वेळी तीन असतात. चौथा प्रवासात असतो. एसीचा रिमोट एकदा आंब्याच्या आढीत सापडला, पेंढ्यात गुरफटलेला, दोन पायरी आंब्यांच्या मध्ये. आईने तो आधी दाबून बघितला, वास घेतला आणि मग बाजूला ठेवला.

जे हाताशी असतात ते चालतातच असंही नाही. देवगडच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. खारा वारा माडांना मानवतो, सेलच्या स्प्रिंगांना नाही. सहा महिन्यांत त्यांच्यावर हिरवट-पांढरी पूड धरते. मग रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबरबँड, आणि तरीही चालला नाही की ठरलेले उपचार: सेल गोल फिरवणे, उन्हात ठेवणे, दातांनी चावणे. बाबांची पद्धत निराळी. ते रिमोट मांडीवर दोनदा आपटतात, टीव्हीकडे रोखतात आणि "आता लाग बघया" असा दम भरतात. दहातून चारदा टीव्ही लागतो. यापलीकडे त्यांना विज्ञानाची गरज वाटलेली नाही.

मला वाटली. माझ्या लहानपणी घरातला रिमोट मीच होतो ("ऊठ रे, आवाज कमी कर"), त्यामुळे या यंत्राशी माझं जुनं भावकीचं नातं आहे. मी ठरवलं की चारही रिमोटचं काम करणारी एकच पेटी बनवायची आणि ती फोनवरून चालवायची. फोन तरी घरात हरवत नाही, कारण तो कुणाच्या ना कुणाच्या हातात असतोच.

त्यासाठी रास्पबेरी पाय मागवला. रास्पबेरी पाय म्हणजे एका पट्टीवर मावणारा अख्खा संगणक. माझा झिरो डब्ल्यू जातीचा, ६५ मिलिमीटर लांब आणि ३० रुंद. कुरिअरवाल्या पोराने कणकवलीहून तीनदा फोन करून "घर नेमका खंय?" विचारलं आणि शेवटी तो पुडा तिठ्यावरच्या दुकानात ठेवून गेला. आईने पुडा उघडताना विचारलं, "रासबेरी म्हणजे काय रे?"

"फळ असतं. करवंदासारखं."

"मगे करवंदाच काढून आण. जाळी भरल्यात."

मे महिना होता. तिचं म्हणणं चूक नव्हतं.

रिमोट काय करतो हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. त्याच्या तोंडाशी जो बारीक दिवा असतो, तो बहुतेक ९४० नॅनोमीटरचा अवरक्त उजेड सोडतो, आणि तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. दिवा सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो. ही लुकलुक मध्येच थांबवून, पुन्हा चालू करून निरोप लिहिला जातो. आमच्या टीव्हीची बोली एनईसी नावाची निघाली. आधी ९ मिलिसेकंदांची लांब आरोळी, मग साडेचारची शांतता, आणि पुढे बत्तीस अक्षरं, शून्य आणि एकाची. थांबा छोटा असला तर शून्य, लांब असला तर एक. शिवाय प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, दुसऱ्यांदा उलटी करून, म्हणजे ऐकणाऱ्याची खात्री पटते. ही पद्धत आमच्या घरात आधीपासून आहे.

हे मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी खिडकीतून देवगडच्या बाजूला पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे लाईटहाऊस रे! प्रत्येक बत्तीची उघडझाप येगळी. खलाशी मोजता आणि बंदर वळखता." मी तीन रात्री जागून जे वाचलं होतं, ते त्यांनी विडी विझायच्या आत उरकलं.

एसीचं प्रकरण मात्र वेगळं. टीव्हीचा रिमोट एक शब्द बोलतो. एसीचा गाऱ्हाणं घालतो. तुम्ही नुसतं तापमान एक अंशाने कमी करा, तो एसीला पहिल्यापासून सगळं सांगतो: यंत्र चालू, थंडी २४, वारा मध्यम, झडप वर. मागचं काही गृहीत धरत नाही. त्यामुळे पेटीला एसीचा एकेक अख्खा जबाब शिकवावा लागला. पुतण्या बटणं दाबायला बसला होता. चौदाव्या जबाबाला त्याने राजीनामा दिला.

खरी फजिती जोडणीत झाली. सिग्नल ऐकणारा सेन्सर तीन पायांचा असतो. एक पाय जमिनीला, एक विजेला, एक निरोपाला. कुठला पाय कुठला हे मात्र जातीवर ठरतं. टीएसओपी १७३८ समोरून पाहिला तर पहिला पाय जमिनीचा. त्याच घराण्यातल्या ३८२३८ मध्ये पहिला पाय निरोपाचा आणि जमीन मधोमध. चेहरा दोघांचाही सारखा, काळा आणि मख्ख. मी एकाचं चित्र बघून दुसरा जोडला. बोट लावलं तर चटका, आणि पाठोपाठ तो वास. ज्याने इलेक्ट्रॉनिक्सच्या नादाला एकदा तरी लागून पाहिलंय, त्याला कुठला वास ते सांगायला नको. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "दूध उतू गेला काय?"

रास्पबेरी पायच्या चाळीस पिनांचाही असाच घोळ. पट्टीवर मोजली तर बारावी असलेली पिन सॉफ्टवेअरला अठरावी म्हणून ठाऊक. घरी बाळू आणि शाळेच्या दाखल्यावर चंद्रकांत, तसं. मी पूर्ण एक रविवार बाराव्या पिनेला बारावी म्हणूनच हाका मारत होतो. ती कशाला ओ देईल?

शेवटी दिवा पेटला. पेटला हे कळायचं कसं? तर फोनचा पुढचा कॅमेरा त्याच्यासमोर धरायचा. डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यात जांभळट ठिणगीसारखा दिसतो. मी आईला हाक मारली. तिने आधी दिव्याकडे निरखून पाहिलं. "माका तर काय दिसना नाय." मग फोनमध्ये पाहिलं, पुन्हा दिव्याकडे, पुन्हा फोनमध्ये. नंतर तिने घरातले चारही रिमोट फोनसमोर धरून दाबून बघितले, आणि कुठला मेला आहे आणि कुठला उगाच आपटला जातोय ते बाबांना सांगितलं. या सगळ्या उपद्व्यापात तिला मनापासून आवडलेली गोष्ट ही एवढीच.

पण ठिणगी वितीच्या पुढे जाईना. पायची एक पिन जास्तीत जास्त १६ मिलिअँपिअर देते, तेवढ्यात दिवा कसाबसा कुजबुजतो. बाजारातल्या रेडिओवाल्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मधी ट्रान्झिस्टर टाका. पिनेन फक्त खूण करूची, वजन दुसऱ्यान उचलूचा." मी ट्रान्झिस्टर टाकला. आणि एका दिव्याने काय होणार म्हणून तीन दिवे लावले. हापूसच्या पेटीची फळी कापून खोकं केलं, ते ओटीवरच्या फडताळात ठेवलं. दोन दिव्यांची तोंडं माजघराकडे, एकाचं टीव्हीकडे. फोनवर मोठाली बटणं केली आणि त्यांना आईच्या भाषेत नावं दिली: "टीव्ही", "पंखो", "आवाज वाडव". बटण दाबलं की ओटीच्या या टोकावरून त्या टोकाचा टीव्ही पटकन ऐकायचा. मला इतकं भारी वाटलं की मी वेळापत्रकही लावून टाकलं. बाबा रात्री बातम्यांतली भांडणं ऐकून स्वतःचं रक्तदाब वाढवून घेतात, म्हणून रोज रात्री साडेनऊला टीव्ही बंद.

इथे घराची मांडणी सांगितली पाहिजे. आमचा टीव्ही खिडकीला लागून आहे. खिडकीबाहेर खळं. खळ्यापलीकडे काकीचं घर, आणि काकीच्या ओटीच्या मागच्या भिंतीवर, तोंड आमच्याकडे करून, काकीचा टीव्ही. काकीला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिची मालिका आम्हाला चित्र आणि आवाज दोन्हीसकट घरबसल्या मिळते. दोन्ही टीव्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच टेंपोतून आले होते. जोडीने घेतले तर भाव कमी पडतो, ही काकीचीच अक्कल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकी सांगू लागली की टीव्ही आजारी आहे. रोज रात्री मालिका ऐन रंगात आली की डोळे मिटतो. बाजारातून माणूस आला, त्याने टीव्ही उघडला, आतल्या मुंग्या झटकल्या आणि तीनशे रुपये घेऊन गेला. त्या रात्री टीव्ही पुन्हा मिटला. मी "दमट हवा" असं मत दिलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

मग पहिला मोठा पाऊस झाला. संध्याकाळी पाचला लाईट गेली, ती रात्री सव्वाअकराला आली. तारेवर कुठे तरी फांदी पडली होती. इंटरनेट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेलेलं. आणि माझ्या पायला स्वतःचं घड्याळ नाही. म्हणजे लाईट गेल्यावर टिकटिकणारं, सेलवरचं घड्याळ त्यात नसतं. तो वेळ इंटरनेटला विचारतो. विचारायला कोणी नसेल तर डोळे मिटताना जी वेळ नोंदलेली होती तिथूनच पुढे मोजतो. तो सव्वाअकराला जागा झाला तो पाच वाजलेत असं समजून. त्याचे साडेनऊ वाजले तेव्हा जगाचे पावणेचार झाले होते.

आणि टीव्हीचं चालू आणि बंद हे दोन वेगळे निरोप नसतात. एकच निरोप. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू.

पहाटे पावणेचारला आमच्या ओटीवर कुणीतरी पोट कमी करायचा पट्टा विकू लागलं. मी धडपडत जाऊन बंद केला. बाबा उठून बसले होते. "रवांदे ना," म्हणाले. त्याच वेळी खळ्यापलीकडून, कितीतरी मोठ्या आवाजात, तोच पट्टा विकला जात होता, आणि काकीची किंकाळी.

मी अंधारात फडताळापाशी उभा राहिलो. खोक्यातल्या दिव्याच्या रेषेत डोळा लावून बघितलं. टीव्हीची कड, खिडकीची काच, खळं, काकीचा टीव्ही. सरळ रेषा. रेडिओवाल्याने वजन जरा जास्तच उचलायला लावलं होतं. १९५५ साली अमेरिकेत झेनिथने फ्लॅशमॅटिक नावाचा रिमोट काढला होता, तो साध्या उजेडाच्या झोताने चालायचा. टीव्हीवर ऊन पडलं तरी चॅनेल बदलायचे. तिथे निदान सूर्य जबाबदार होता.

सकाळी कबूल करायचं असं ठरवून झोपलो. उठेपर्यंत उशीर झाला होता. "बंद होता तो आजार, पण आपसूक लागता ता काय?" हा प्रश्न काकीने चहाच्या आत पाच घरांत विचारला होता आणि पाचही घरांतून एकच उत्तर आलं होतं: देवचार, म्हणजे वाडीचा न दिसणारा राखणदार. गेल्या वर्षी तिने वडाखालचा नारळ चुकवला होता, तोही निघाला. आता या सगळ्यात मी "काकी, ता माझा यंत्र" म्हणून मध्ये कुठे घुसणार?

संध्याकाळी वडाखाली नारळ ठेवला. वाडीतली पंधरा-वीस माणसं, छत्र्या, पावसाची भुरभुर. मला पुढेच उभं केलं, कारण पावणेचारचा दुसरा साक्षीदार मी. गाऱ्हाणं घालणाऱ्या बाप्पाने घसा खाकरला.

"बा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्याच्या घरात रात्री-अपरात्री जा कोण टीव्ही लावता आणि बंद करता, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"ता भूत असो, खेत असो, नायतर कोणा वायटाची करणी असो, ता तुझ्या पायाखाली घाल, म्हाराजा!"

सगळे ओरडले. माझा आवाज निघाला नाही. शेजारच्याने कोपर मारलं. मग मीही म्हणालो, "होय म्हाराजा."

घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर वेळापत्रक उडवलं. दुसरं, टीव्हीकडच्या दिव्यावर बॉलपेनची नळी बसवली, बाहेरून काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि तोंड टीव्हीच्या सेन्सरकडे नेमकं वळवलं. आता उजेड इकडेतिकडे पसरणार नव्हता. आईने कमरेवर हात ठेवून विचारलं, "ही काळी नळी कशाक?" तिच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. सगळं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. थोडा वेळ खिडकीतून काकीच्या घराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे नळी काढली की तिचो बंद पडता?"

काकीचा टीव्ही दुसऱ्या दिवसापासून खडखडीत बरा झाला. आठवडाभर वाट पाहून तिने कबूल केलेला कोंबडा दिला, आणि रविवारी आम्हाला वडे-सागोतीचं जेवण सांगितलं. आई म्हणाली, "माझे ढोपर दुखतत, मी येणंय नाय. तुमी जावा."

सागोती काय झाली होती म्हणून सांगू! मी तिसऱ्या वड्यावर होतो. मालिका सुरू झाली, काकीने आवाज वाढवला, बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. नायिका दार उघडणार एवढ्यात टीव्ही मिटला.

सगळ्यांचे हात ताटात थांबले. मी हळूच मान वळवली. खळ्यापलीकडे आमची ओटी काळोखात होती, आणि खिडकीत फोनच्या उजेडात आईचा चेहरा तेवढा दिसत होता.

काकी उठली, वडाच्या दिशेला तोंड करून तिने हात जोडले. मी आणखी एक वडा मागून घेतला.